स्प्रिंगमध्ये भरलेले सभागृह

शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात थांबून एकदा जोराने टाळी वाजवून पाहा. आवाज लगेच संपत नाही. भिंती, छत आणि फरशी यांच्यावर आपटून परतणाऱ्या ध्वनिलहरी तो क्षणभर रेंगाळत ठेवतात. हीच टाळी मुलांनी भरलेल्या वर्गात वाजवा. आता ती कोरडी वाटेल, कारण कपडे आणि शरीरे ध्वनी शोषून घेतात. या रेंगाळण्याला निनाद म्हणतात. प्रतिध्वनी वेगळा ऐकू येतो. निनादात परावर्तने इतकी पाठोपाठ येतात की कानाला ती निरनिराळी कळत नाहीत.

निनादाची शास्त्रशुद्ध मोजणी अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात वॉलेस सॅबिन यांनी १८९५ पासून केली. तेथील एका नव्या व्याख्यानगृहात बोललेला शब्द विरायला सुमारे साडेपाच सेकंद लागत, मग व्याख्यान समजणार कसे? सॅबिन रात्री उशिरा, सारे शांत झाल्यावर, नाट्यगृहातील आसनांच्या गाद्या तेथे आणून मांडत आणि निनाद किती घटतो ते पाहत. ध्वनीची तीव्रता मूळच्या दशलक्षांश होण्यास जो वेळ लागतो त्याला आज निनादकाल म्हणतात.

आता गिटारकडे वळू. विजेच्या गिटारीत पोलादी तारांखाली चुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या बारीक तारेचे वेटोळे असते. याला पिकअप म्हणतात. तार कंप पावली की वेटोळ्यात वीज निर्माण होते. गंमत अशी की पिकअपला तारेची हालचाल कळते, खोलीतील हवेची जवळजवळ नाही. त्यामुळे स्वर कोरडा निघतो. चार्ली ख्रिश्चन हा तरुण १९३९ मध्ये बेनी गुडमन यांच्या वाद्यवृंदात अशी गिटार वाजवू लागला, तेव्हा निनाद मिळे तो फक्त सभागृहाचा.

कृत्रिम निनादाची एक युक्ती ऑर्गनकडून आली. चर्चमध्ये घुमणारा ऑर्गन घरच्या लहान खोलीत बेचव वाटे. म्हणून लॉरेन्स हॅमंड यांनी आपल्या विजेवरील ऑर्गनसाठी स्प्रिंगा वापरल्या. मूळ कल्पना टेलिफोनच्या लांब तारांतील विलंब अभ्यासण्यासाठी बेल प्रयोगशाळेत निघाली होती. स्प्रिंगच्या एका टोकाला कंप दिला की तो वेटोळ्यांतून दुसऱ्या टोकाला पोचतो, काही अंशी परततो, पुन्हा जातो. एका फेरीला सेकंदाचे काही शतांश लागतात. हवेत तेवढ्या वेळात ध्वनी दहाबारा मीटर जाईल. म्हणजे हातभर पेटीत मोठी खोली मावली! फेंडर कंपनीने १९६३ मध्ये ही पेटी आपल्या गिटारच्या ध्वनिवर्धकातच बसवली. (अशा ध्वनिवर्धकाला चुकून धक्का लागला तर ढग गडगडल्यासारखा आवाज होतो.)

मग जॅझ वादक निनादाचे बटण पूर्ण का फिरवत नाहीत? उत्तर गणितात आहे. निनादकाल २ सेकंद धरा. दशलक्ष म्हणजे सहा वेळा दहापट. तेव्हा दर एकतृतीयांश सेकंदाला निनादाची तीव्रता दहापट कमी होते. जलद जॅझमध्ये मिनिटाला २०० ठोके आणि ठोक्याला दोन स्वर असतील, तर एक स्वर फक्त ०.१५ सेकंदाचा. पुढचा स्वर येईपर्यंत मागच्याचा निनाद जेमतेम एकतृतीयांशावर आलेला असतो. त्यात जॅझमधील कॉर्ड, म्हणजे एकदम छेडलेले स्वर, चार-पाच स्वरांचे असतात आणि भराभर बदलतात. मागच्या कॉर्डचे स्वर पुढच्यात मिसळले की सगळा चिखल होतो. म्हणून वादक मूळ कोरड्या स्वरात निनादाचा लहानसा अंशच मिसळतो. संथ गीतात, दर सेकंदाला एक स्वर असेल, तर निनाद तेवढ्यात हजारांशावर येतो. तेथे बटण खुशाल पुढे न्यावे.

मात्र सभागृहच घुमणारे असेल तर स्प्रिंगची गरज नाही, बटण शून्यावर. मिनिटाला १२० ठोके आणि ठोक्याला दोन स्वर असतील तर मागच्या स्वराचा निनाद किती उरेल, ते वहीत काढून पाहा.