बाळोती : वाळणार कुठे, धुणार कोण?

बाळोती निवडताना बहुतेक जण आधी रंग आणि किंमत पाहतात. मी आधी दोन गोष्टी विचारते : ती वाळणार कुठे, आणि धुणार कोण? जाड शिवलेला लंगोट पुष्कळ शोषतो, पण मुंबईच्या पावसात दोन-दोन दिवस दमट राहतो. पातळ मलमलीची घडी उलगडली की चटकन सुकते. आपल्या आज्या जुन्या धोतरांची बाळोती करीत, ते उगाच नव्हे. ब्रिटनमधील सरकारी पर्यावरण संस्थेच्या २००८ सालच्या अहवालाचेही म्हणणे असे, की कापडाचा खरा लाभ ते दोरीवर वाळवण्यात आणि धाकट्या भावंडालाही वापरण्यात आहे. आणि भगिनींनो, सगळे पिळणे बाळंतिणीच्या माथी मारू नका. बाळाच्या बाबांनाही दोन हात आहेत!