तीन पाय आणि एक डोकं

१९३८च्या सुमारास सेवाग्राम आश्रमात कनू गांधी गांधीजींचे फोटो काढू लागले. अटी तीन होत्या: फ्लॅश वापरायचा नाही, पोज मागायची नाही आणि आश्रम पैसे देणार नाही. कॅमेऱ्यासाठी १०० रुपये घनश्यामदास बिर्लांनी दिले. मातीच्या भिंती आणि उतरत्या कौलांच्या बापू कुटीत उजेड बेताचाच. असल्या उजेडात फ्लॅशविना फोटो घ्यायचा तर शटर जास्त वेळ उघडं ठेवावं लागतं, आणि तेवढा वेळ हात स्थिर राहत नाही. ट्रायपॉडची खरी किंमत अशा खोलीत कळते.

चांगल्या ट्रायपॉडचे पुष्कळदा नुसते पायच मिळतात. वर सपाट गोल तबकडी, तिच्या मधोमध उभा स्क्रू. हेड वेगळं घ्यायचं: फोटोसाठी बॉल हेड, व्हिडिओसाठी दांड्याचं फ्लुइड हेड. हा स्क्रू ३/८ इंची, इंचाला १६ आटे. हेडवर कॅमेरा बसतो तो १/४ इंची, इंचाला २० आटे. इंग्लंडच्या जोसेफ व्हिटवर्थनं १८४१ मध्ये मांडलेल्या मापांचा हा वारसा मेट्रिक जगातही टिकला, म्हणून एका कंपनीचं हेड दुसरीच्या पायांवर बिनघोर बसतं.

बसवण्याआधी आटे कोरड्या ब्रशनं झाडावेत. विदर्भातली काळ्या मातीची धूळ कुठंही शिरते. मधला दांडा खाली घ्यावा, हेड सरळ टेकवावं आणि आधी किंचित उलटं फिरवावं. आटे जुळले की बारीकसा ‘टक्’ जाणवतो. मग घड्याळाच्या दिशेनं, हेडचं बूड धरून आवळावं. वरचा भाग धरून फिरवलं तर फक्त पॅन फिरतो आणि हेड घट्ट बसल्याचा भास होतो.

लग्नसराईत हिंगणघाट-आर्वीकडे चित्रण करणाऱ्यांना हे जास्तच जपावं लागतं. पॅन जड असताना कॅमेरा झटक्यानं डावीकडे वळवला, की हेड उघडण्याच्याच दिशेनं फिरतं. त्यासाठीच बऱ्याच तबकड्यांना खालून बारीक ग्रब स्क्रू असतात. अॅलन कीनं ते हेडच्या बुडाला टेकेपर्यंतच आवळायचे. जड व्हिडिओ ट्रायपॉडवर स्क्रूऐवजी ७५ किंवा १०० मिलिमीटरची वाटी असते. तिच्यात हेड कलतं करून पाय न हलवता लेव्हल साधता येते.

२०१४ मध्ये व्याघ्र प्रकल्प झालेल्या बोरच्या जंगलात मात्र यातलं फारसं कामी येत नाही. जिप्सीत तीन पाय पसरायला जागाच नसते, तिथं बीन बॅग बरी.

हेड काढताना क्रम उलटा: आधी ग्रब स्क्रू सैल, मग हेड. विसरलं तर बुडावर गोल ओरखडे उमटतात, आणि आटेही झिजतात.