गुंडाच्या काठावरचं नाव

भोसले घराण्याच्या राणी बांकाबाईंना नागपूरच्या वाड्यात तसंच सोडून आज वाट थोडी वाकडी करतोय. सामान हलवलंत तर वाड्याला आग लावीन, असं त्यांनी बजावलं तिथे आपण मागच्या आठवड्यात थांबलो होतो. पुढे त्या आरशांचं, हंड्या-झुंबरांचं काय झालं ते आज सांगायचं कबूल केलं होतं. ते राहू द्या. आमगाव तालुक्यातून एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे, आणि त्याचं उत्तर आठवडाभर थांबवलं तर एक वस्तू कदाचित वजनकाट्यावर चढलेली असेल.

पत्रातला मजकूर थोडक्यात असा. सासूबाईंच्या माहेरून आलेला तांब्याचा गुंड घरात आहे. नळ आल्यापासून त्यात कोणी पाणी भरत नाही. मोडवाला दारात येऊन किलोचा भाव सांगून गेला. त्याच दिवशी भाचीनं मोबाइलवर परदेशातल्या एका लिलावाची यादी दाखवली. तिच्यात अगदी असाच गुंड ‘अर्न’ या नावानं मांडलेला, खालून उजेड सोडलेला. बाई विचारतात, ‘या दोघांत खरं कोण? आणि काठावर ठिपक्याठिपक्यांनी काहीतरी लिहिलेलं आहे, त्यामुळे किंमत कमी होते का?’

शेवटचा प्रश्न वाचून मी खुर्चीतून उठलो. आजचा सगळा लेख त्या एका प्रश्नाचा.

पुण्या-मुंबईच्या वाचकांना आधी सांगतो, आमच्याकडे गुंड म्हणजे पाण्याचं भांडं. पोट गोल, गळा आवळलेला, काठ बाहेर वळलेला. लहान असेल तर गुंडी. लिलाव हा शब्दही गोंदियाच्या माणसाला परका नाही. तेंदूपत्त्याचा लिलाव, रेतीघाटाचा लिलाव ही इथली दरवर्षीची बोलणी. शब्द पोर्तुगिजांकडून मराठीत आला आणि इतका मुरला की त्याचं परकेपण कोणाला जाणवत नाही. पण घरातल्या भांड्याचा लिलाव होतो हे मात्र आपल्याला अजून पटत नाही. भांडं मोडीत जातं, एवढंच आपण जाणतो.

आता ‘अर्न’. रोमन लोक मृतांची रक्षा ज्या पात्रात ठेवत ते हे. अठराव्या शतकात युरोपला प्राचीन भांड्यांचं वेड लागलं. नेपल्सला ब्रिटिश वकील असलेल्या सर विल्यम हॅमिल्टन यांनी जुन्या ग्रीक पात्रांचा मोठा संग्रह केला, तो 1772 साली ब्रिटिश म्युझियमनं घेतला. जोसाया वेजवुड या इंग्रज कुंभारानं अशा पात्रांच्या चित्रांवरून घाट उचलले आणि 1769 साली सुरू केलेल्या आपल्या नव्या कारखान्यात तशी पात्रं काढली. तेव्हापासून हा घाट फाटकाच्या खांबावर, शेकोटीच्या फळीवर, बागेत शोभेला बसला. रक्षेशी संबंध सुटला, आकार राहिला. आजच्या लिलावाच्या यादीत खांदा रुंद, गळा अरुंद असं कोणतंही उंच पात्र आलं की त्याला अर्न म्हणून मोकळे होतात. आपल्याकडे कलश हा शब्द लग्नातही चालतो, अस्थींनाही चालतो आणि देवळाच्या शिखरावरही, त्यामुळे आपल्याला यात खटकू नये. पण मला खटकतं, आणि त्याला कारण आहे.

अर्नला पाय असतो. गुंडाला नसतो. अर्न एका जागी उभं राहण्यासाठी घडवलेलं, गुंड डोक्यावरून चालण्यासाठी. त्याचं बूड गोल, कारण खाली चुंबळ असते. घरी आला की तो घडवंचीवर बसतो. गळा आवळलेला, कारण चालताना पाणी हिंदकळू नये. काठ वळलेला, कारण विहिरीवर दोराचा फास तिथे अडकतो. चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकन संकल्पक दांपत्य 1958 साली सरकारच्या बोलावण्यावरून भारतात फिरलं. आपल्या अहवालात त्यांनी साऱ्या देशातली सर्वांत सुंदर वस्तू म्हणून साध्या लोट्याकडे बोट दाखवलं होतं. तो किती पाणी धरतो, हातात कसा बसतो, डोक्यावर कसा पेलतो, कसा ओततो, अशा प्रश्नांची लांब माळच त्यांनी लावली. पुढे 1961 साली अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली, ती त्या अहवालातून. लिलावाच्या छायाचित्रात गुंड खालच्या कड्यावर ठेवलेला असतो आणि ते कडं दिसू दिलेलं नसतं. चुंबळ गेली की गुंडाचं अर्न होतं.

आपल्या देशातलं खरोखर अर्न म्हणावं असं पात्र बघायचं तर जयपूरच्या सिटी पॅलेसमध्ये जा. सवाई माधोसिंह दुसरे 1902 साली सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी विलायतेला निघाले, तेव्हा प्यायला गंगेचं पाणी सोबत हवं म्हणून चांदीचे प्रचंड कलश घेऊन गेले. त्यातले दोन आज तिथे उभे आहेत. प्रत्येकाचं वजन 345 किलो, प्रत्येकात सुमारे 4,000 लिटर पाणी मावतं. चांदीची 14,000 नाणी वितळवून ते घडवले असं सांगतात. त्यांना म्हणतात गंगाजळी. देशाच्या परकीय चलनाच्या साठ्याला आपण मराठीत तोच शब्द वापरतो.

आता काठावरचं नाव.

आमच्या भागात लग्नात आंदण म्हणून भांडी देतात. कोपर, गंज, गंगाळ, गुंड, काशाची थाळी. दुकानातून भांडं घेतलं की तिथेच बसलेला कारागीर बारीक टोच्यानं आणि हातोडीनं एकेक ठिपका उठवत नाव घालून देई. देणाऱ्याचं नाव, गाव, कधी घेणाऱ्या मुलीचं, कधी साल. टोच्याचे ठिपके धातूत बसतात, शाईसारखे उडत नाहीत. पंगतीला गावभर भांडी गोळा होत, पंगत उठली की नावं वाचून ती घरोघर परत जात. म्हणजे नाव हे मूळचं हिशेबासाठी. आज मात्र त्या भांड्याबद्दलचा तो एकमेव लेखी कागद आहे, आणि तो तांब्यावर लिहिलेला आहे.

लिलावाच्या धंद्यात सगळ्यांत महाग चीज कोणती असं विचाराल तर मी वस्तूचा मागोवा असं सांगेन. ती कोणी घडवली, कोणाकडे होती, कोणत्या हातातून कोणत्या हातात गेली. या भागातलंच उदाहरण घ्या. गोंदिया जिल्हा 1 मे 1999 रोजी भंडाऱ्यातून वेगळा निघाला, आणि त्या आधी दीड शतक मागे गेलं तर हा सारा वैनगंगेचा मुलूख नागपूरकर भोसल्यांचा. त्यांच्या पहिल्या रघुजींची तलवार 29 एप्रिल 2025 रोजी लंडनला सदबीजच्या लिलावात निघाली. महाराष्ट्र शासनानं मध्यस्थामार्फत ती मिळवली. वाहतूक, विमा धरून खर्च 47 लाख 15 हजार रुपये. त्याच वर्षी 18 ऑगस्टला ती मुंबईत पोचली. पातं युरोपात घडलेलं आहे. तशी फिरंगी पाती मराठ्यांच्या हातात पुष्कळ होती. मग ही रघुजींची कशावरून? पात्याच्या पाठीवर सोन्यानं, देवनागरीत, ‘श्रीमंत राघोजी भोसले सेनासाहेब सुभा’ अशी अक्षरं आहेत. ती नसती तर अठराव्या शतकातली एक चांगली मराठा तलवार, एवढ्यावर तिचं वर्णन संपलं असतं.

सेनासाहेब सुभ्याच्या तलवारीला जे नावानं दिलं तेच, आपापल्या मापानं, आमगावच्या गुंडाला दिलं आहे. बाई, नावामुळे किंमत कमी होत नाही. मोडवाल्याच्या काट्याला अक्षरं मोजता येत नाहीत, एवढंच.

मोडवाल्यावर माझा राग नाही. तो त्याचा धंदा करतो, आणि तो फार जुना आहे. भंडाऱ्याला पितळनगरी म्हणत आले आहेत. नव्या पितळेत जुनी पितळ वितळतच आली आहे. आजीची परात नातीची घागर होई, धातू घरातच फिरत राही. स्टेनलेस स्टील आलं तेव्हा हे चक्र तुटलं. जड पितळ-तांबं देऊन हलकी चकचकीत भांडी घेण्याची लाट घराघरांत आली. कल्हईचा खर्च वाचला, घासण्याचे कष्ट वाचले, आणि हे कष्ट बायकांचेच होते, म्हणून त्या अदलाबदलीला मी नावं ठेवणार नाही. पण त्यात काठावरची नावंही गेली, आणि ती कोणी उतरून घेतली नाहीत.

तुमचा गुंड जुना आहे का, हे घरीच बघता येतं. उन्हात आडवा धरा आणि पोटावरून नजर फिरवा. तांब्याच्या रंगात पिवळसर, करवतीच्या दात्यांसारखी रेघ दिसली तर दोन पत्रे दातात दात घालून पितळेनं जोडले आहेत. हा हातजोड. आत हात घालून बघा. ठोक्यांचे खळगे बोटांना लागले तर भांडं घडीव आहे. पुण्याच्या तांबट आळीत या ठोक्यांच्या कामाला माठारकाम म्हणतात. उलट पोटावर सारख्या अंतराची बारीक वर्तुळं दिसली तर ते यंत्रावर फिरवून काढलेलं, म्हणजे अलीकडचं. बुडाची झीज गोल आणि एकसारखी हवी. जुनं भासवण्यासाठी आम्लानं काळा केलेला गुंड सगळीकडे सारखाच काळा असतो. खरा वापर हात लागतो तिथे उजळतो आणि सांध्यात काळवंडतो. काठावर साल असेल तर शके की संवत ते बघा. शकात 78 मिळवा, संवतातून 57 वजा करा. गोंदियाच्या व्यापारी घरांतल्या भांड्यांवर संवत असण्याचा संभव जास्त.

आणि एक गोष्ट करू नका. यंत्रावर पॉलिश करायला देऊ नका. माझ्या आजीची पितळी समई मी अशीच एका दुकानात दिली होती. परत आली ती आरशासारखी. बैठकीच्या कडेवर तिच्या वडिलांचं नाव आणि गाव होतं. त्यातलं गाव तेवढं उरलं, तेही अर्धं. दुकानदारानं काही वाईट हेतूनं केलं नाही, मी सांगितलं ते केलं. तिच्या वडिलांचं नाव आज घरातल्या कोणालाही खात्रीनं सांगता येत नाही. चिंच आणि राख घ्या, अलगद पुसा, आणि अक्षरांच्या जागी हात आवरा.

किमतीचं खरं सांगायचं तर साध्या घरगुती गुंडावर मोठ्या लिलावात कोणी मोठी बोली लावत नाही. मोबाइलवर दिसतो तो बहुधा अंदाजित भाव असतो, हातोडा पडल्यावरचा नव्हे, आणि त्यातून लिलावगृहाचं शुल्क कापलं जातं. शिवाय 1972 चा पुरावस्तू व बहुमोल कलावस्तू कायदा आहे. शंभर वर्षं झालेली वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर विकायला पाठवता येत नाही. मूर्ती, चित्रं, सचित्र पोथ्या यांची नोंदणीही करावी लागते. शेतात नांगराला लागलेलं भांडं हा आणखी वेगळा विषय. दहा रुपयांहून अधिक मोलाचं जमिनीतलं धन सापडलं की जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं, असं 1878 चा कायदा सांगतो.

मग ठेवून काय करायचं? पुण्याच्या दिनकर गंगाधर केळकरांनी 1920 च्या सुमाराला अडकित्ते, दिवे, भांडी जमवायला सुरुवात केली, तेव्हा बाजारात त्यांना मोडीपलीकडे मोल नव्हतं. लोकांच्या माळ्यांवरून, जुन्या बाजारांतून ते एकेक वस्तू आणत गेले. अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावानं त्यांचं संग्रहालय पुण्यात उभं आहे आणि त्यात 20,000 हून अधिक वस्तू आहेत. त्यातल्या कितीतरी वस्तू तुमच्या गुंडासारख्याच, कोणाच्या तरी स्वयंपाकघरातल्या आहेत.

पत्र लिहिणाऱ्या बाईंना माझं सांगणं असं. गुंड विकायचा असेल तर खुशाल विका, घर तुमचं आणि गरजही तुमची. पण त्याआधी काठावर पातळ कागद धरून त्यावर पेन्सिल आडवी घासा. ठिपके आपोआप उमटतील. सासूबाई असतील तर त्यांना वाचायला सांगा; नाव कोणाचं, गाव कुठलं, लग्न कोणत्या साली, हे त्याच कागदाच्या मागे लिहा. ज्याला गुंड द्याल त्याला त्या कागदाची एक प्रत द्या आणि एक घरात ठेवा.

इतर वाचकांनाही हीच विनंती. तिरोड्यात, देवरीत, सालेकशात, अर्जुनी मोरगावात ज्यांच्या माळ्यावर असं नावाचं भांडं पडलं आहे त्यांनी ते खाली काढावं आणि काठाचा छाप कागदावर घेऊन मला पाठवावा. भांडं पाठवू नका. बांकाबाईंच्या वाड्यातलं सामान पुढच्या आठवड्यात.