ख्रिस्ती दलितांची घरे नकाशावर कोठे?

केडगाव हे एकेकाळचे खेडे आज अहिल्यानगर महानगरपालिकेच्या हद्दीतील उपनगर आहे. अशा उपनगरात नव्या कॉलन्या व जुन्या वस्त्या एकाच प्रभागात येतात. त्यामुळे प्रभागाच्या आकड्यांवरून सारे मिळूनमिसळून राहतात असे भासते.

दोन समूह किती अलग राहतात हे मोजण्यासाठी संशोधक एक निर्देशांक वापरतात. तो ४० असेल, तर सर्व प्रभागांत सारखे प्रमाण येण्यासाठी एका समूहातील ४० टक्के लोकांना घर बदलावे लागेल. २००१ च्या जनगणनेच्या आधारे ट्रिना वितयत्तिल व गायत्री सिंग यांनी मुंबईसह सात महानगरे अभ्यासली. आर्थिक स्थितीपेक्षा जातीनुसार होणारी विभागणी अधिक आहे, असे त्यांनी २०१२ मध्ये दाखविले.

या मोजणीत आपण कोठे आहोत? १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाखाली अनुसूचित जातीचा दर्जा १९५६ मध्ये सर्व दलित शिखांना व १९९० मध्ये बौद्धांना मिळाला. ख्रिस्ती दलितांना तो नाही. म्हणून भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या दोन कुटुंबांपैकी बौद्ध कुटुंब तक्त्यात अनुसूचित जातीत मोजले जाते, ख्रिस्ती कुटुंब मात्र 'इतरां'त जाते.

२०२७ च्या जनगणनेत सर्वांची जात नोंदविण्याचे केंद्र सरकारने २०२५ मध्ये ठरविले. प्रगणकाला जात सांगताना आपल्यापैकी अनेकांना संकोच वाटेल. तो आम्ही जाणतो. तरीही नोंद व्हावी, असे आमचे मत आहे. मात्र ते आकडे प्रभागाहून लहान गटांनुसार अभ्यासकांच्या हाती आले, तरच केडगावातील एखादी वस्ती त्यांच्या नकाशावर दिसेल.