हृदयाकडून मनाकडे : इंग्लंडमधील सामूहिक चालण्याचा मागोवा

नैराश्य आणि व्यसनमुक्ती यांच्या संदर्भात आज ज्या सामूहिक चालण्याच्या गटांचा उल्लेख होतो, त्यांचा इंग्लंडमधील उगम मनाच्या नव्हे, हृदयाच्या काळजीतून झाला. ऑक्सफर्डशायरमधील सॉनिंग कॉमन या गावी डॉ. विल्यम बर्ड यांनी १९९० च्या दशकाच्या मध्यास ‘हेल्थ वॉक’, म्हणजे ठरलेल्या वेळी स्वयंसेवकाच्या सोबतीने निघणारी विनामूल्य फेरी, सुरू केली. २००० मध्ये कंट्रीसाइड एजन्सी आणि ब्रिटिश हार्ट फाउंडेशन यांनी या कल्पनेला देशव्यापी रूप दिले, आणि २०१२ मध्ये तिची जबाबदारी रॅम्बलर्स ही पदभ्रमण संस्था व कर्करुग्णांसाठी काम करणारी मॅकमिलन यांच्याकडे आली.

या फेरीची रचना साधी आहे, आणि तिचे खरे बळ बहुधा त्या रचनेतच आहे. पुढे एक वाटाड्या असतो, तर अगदी शेवटी दुसरा स्वयंसेवक चालतो, जेणेकरून धाप लागलेला किंवा मुद्दाम मागे रेंगाळणारा माणूस एकटा पडू नये; फेरी संपल्यावर पुष्कळ ठिकाणी चहा होतो, आणि न आलेल्याची चौकशी बहुधा तिथेच होते. खांद्याला खांदा लावून चालताना समोरच्याच्या नजरेला नजर द्यावी लागत नाही, त्यामुळे खुर्च्या मांडून भरवलेल्या सभेत जे ओठांवर येत नाही, ते वाटेत सहज बोलले जाते.

पुरावा मात्र सावकाश जमत गेला. जेम्स ब्लुमेंथाल यांच्या अमेरिकेतील १९९९ च्या अभ्यासात नैराश्य असलेल्या पन्नाशीपुढील १५६ जणांपैकी काहींना व्यायाम, काहींना औषध आणि काहींना दोन्ही देण्यात आले, आणि सोळा आठवड्यांनंतर तिन्ही गटांतील सुधारणा जवळपास सारखीच आढळली. २०१५ मध्ये हॅन्सन आणि जोन्स यांनी घराबाहेरच्या चालण्याच्या गटांवरील ४२ अभ्यास, म्हणजे १,८४३ सहभागी, एकत्र तपासले. त्यांत रक्तदाबाबरोबर नैराश्यही घटलेले दिसले. व्यसनाच्या बाबतीत पुरावा विरळ आहे. सिगारेटची तलफ, म्हणजे ती ओढण्याची अनावर ओढ, पाच मिनिटांच्या मध्यम गतीच्या व्यायामानेही तात्पुरती ओसरते, असे टेलर आणि सहकाऱ्यांच्या २००७ च्या आढाव्यात आढळले. परंतु तात्पुरती तलफ शमणे आणि व्यसन सुटणे यांत फार अंतर आहे, आणि दारू एकाएकी थांबवल्याने उद्भवणाऱ्या झटक्यांसारख्या त्रासाला तर वैद्यकीय उपचारच लागतात. चालण्याचा गट उपयोगी पडतो तो त्यानंतरच्या काळात, जेव्हा पिण्यात जाणारे तास रिकामे होतात आणि जुन्या सोबत्यांपासून दूर राहायचे असते.

२०१९ मध्ये इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेने ‘सोशल प्रिस्क्रायबिंग’, म्हणजे औषधाऐवजी किंवा औषधासोबत सामाजिक उपक्रम सुचवण्याची पद्धत, आपल्या दीर्घकालीन योजनेत घेतली व त्यासाठी रुग्ण आणि चालण्याच्या गटासारखे उपक्रम यांच्यात दुवा साधणारे कार्यकर्ते नेमण्याचे ठरवले. ही नेमणूक उशिराच झाली, असे म्हणावे लागते. कारण तोवर या फेऱ्यांत प्रामुख्याने निवृत्त आणि त्यातही स्त्रियाच अधिक दिसत. कामकाजाच्या दिवशी सकाळी निघणारी फेरी त्यांना सोयीची असते, पण नुकतीच दारू सोडलेल्या, कामावर जाणाऱ्या माणसाला सोबत हवी असते ती संध्याकाळी.