स्वस्त डेटा, दूरचा मनोरा

गेटवेहून सुटलेली लाँच तासाभरात मांडव्याला लागते. दूरसंचाराच्या नकाशावर मात्र या दोन धक्क्यांमध्ये सीमारेषा आहे. मुंबई हे स्वतंत्र परवाना क्षेत्र. अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन हा किनारा महाराष्ट्र-गोवा क्षेत्रात. एकेकाळी ही रेषा ओलांडली की रोमिंगचा आकार लागे. आज ती जाणवत नाही, याचे बरेचसे श्रेय नियमनाला आहे.

१९९५ साली मोबाइल आला तेव्हा मिनिटाला सुमारे १६ रुपये पडत आणि आलेल्या कॉलचेही पैसे मोजावे लागत. १९९७ मध्ये भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण, म्हणजे ट्राय, स्थापन झाले. १९९९ च्या धोरणाने अवजड ठोक परवाना शुल्काऐवजी महसुलातला वाटा घेण्याची पद्धत आणली. २००३ पासून येणारे कॉल मोफत झाले. २०११ पासून क्रमांक न बदलता देशभर कंपनी बदलता येऊ लागली.

एका कंपनीचा कॉल दुसरीच्या जाळ्यात गेला की पहिलीने दुसरीला मिनिटामागे शुल्क द्यायचे, असा नियम होता. नव्या कंपनीचे ग्राहक थोडे, म्हणून तिचे बहुतेक कॉल बाहेर जात आणि भुर्दंड तिच्यावरच पडे. ट्रायने हे शुल्क २०१७ मध्ये १४ पैशांवरून ६ पैशांवर आणले, २०२१ पासून शून्य केले. डेटाचा दर मात्र ट्राय ठरवत नाही. तो स्पर्धेवर सोडलेला आहे. २०१६ मध्ये जिओ आल्यावर दर कोसळले. सरकारी आकड्यांनुसार २०१४ मध्ये एक जीबीला सरासरी २६९ रुपये पडत. दहा वर्षांत ते दहाच्या आसपास आले. पण उरल्या तीन खासगी कंपन्या आणि बीएसएनएल. जुलै २०२४ मध्ये तिन्ही खासगी कंपन्यांनी पाठोपाठ दर वाढवले. स्पर्धकच मोजके उरले की स्पर्धेचा धाक ओसरतो.

शिवाय स्वस्ताई आणि पोहोच या वेगळ्या गोष्टी आहेत. डोंगर आणि खाडी यांच्या बेचक्यातल्या वाडीसाठी मनोरा उभारणे कंपनीला परवडत नाही; तिथे बाजार थांबतो. यासाठीच कंपन्यांच्या समायोजित महसुलाचा पाच टक्के हिस्सा सार्वत्रिक सेवा निधीत जातो. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने त्याचे नाव डिजिटल भारत निधी झाले. जानेवारी २०२५ पासून या निधीतून उभारलेल्या ४जी मनोऱ्यांवर इतर कंपन्यांच्या ग्राहकांनाही सेवा मिळण्याची सोय सुरू झाली. एक मनोरा, अनेक कंपन्या: विरळ वस्तीला परवडणारे गणित हेच.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा वीज गेली आणि कित्येक गावांचे फोन अनेक दिवस मुके राहिले. संकटाची खबर देण्याचे साधनच संकटात सापडले. तेव्हा मनोऱ्यांची संख्या मोजून भागत नाही. वीज गेल्यावर ते किती तास चालतात, हेही मोजायला हवे. ट्रायच्या २०२४ च्या गुणवत्ता नियमांनी कंपन्यांना सेवाक्षेत्राचे नकाशे प्रसिद्ध करणे बंधनकारक केले आहे. पण नकाशा कंपनीनेच काढलेला असतो. तो ग्रामपंचायतीने पडताळावा, चुकीची नोंद दुरुस्त करायला कंपनीला मुदत असावी. दर उतरवण्याचे काम नियमनाने स्पर्धेकडून करून घेतले. पोहोचवण्याचे काम त्याला स्वतःच हाती घ्यावे लागेल.