इंजिनाच्या तापमानाचा द्वारपाल : थर्मोस्टॅट

उन्हाळ्याची सुट्टी लागली की मुंबई-पुण्याहून कोकणात, साताऱ्याकडे किंवा नाशिककडे जाणाऱ्या गाड्यांची रीघ लागते. त्याचबरोबर कसारा, खंबाटकी यांसारख्या घाटांत बॉनेट उघडून रस्त्याकडेला उभ्या असलेल्या गाड्यांचे दृश्यही नेहमीचे होऊन जाते. गाडी एकदा अशी तापली की अनेक गॅरेजमध्ये हमखास एक सल्ला मिळतो : 'थर्मोस्टॅट काढून टाका. आपल्या हवेत त्याची गरजच नाही.' हा सल्ला इतका रूढ झाला आहे की, आपल्या गाडीत थर्मोस्टॅट शिल्लक आहे की नाही, याची अनेक वाहनमालकांना कल्पनाही नसते. प्रत्यक्षात हा लहानसा भाग काढल्याने होणारे नुकसान सावकाश, पण निश्चितपणे होत असते. ते समजून घेण्यासाठी थर्मोस्टॅट नेमके काय करतो, हे पाहणे आवश्यक आहे.

उष्णतेचा हिशेब

सिलिंडरमध्ये इंधन जळते तेव्हा वायूंचे तापमान क्षणभर २,००० अंश सेल्सिअसच्याही वर जाते. या उष्णतेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश भागच चाके फिरवण्याच्या कामी येतो. साधारण तेवढीच उष्णता धुराबरोबर बाहेर पडते आणि उरलेली इंजिनाच्या धातूत शिरते. ती वेळीच बाहेर काढली नाही, तर वंगणाचा थर नष्ट होऊन पिस्टन जाम होतो, सिलिंडर हेड वाकते, हेड गॅस्केट उडते. म्हणूनच सिलिंडरभोवतीच्या पोकळीतून कूलंट फिरवले जाते. पंप ते इंजिनातून रेडिएटरमध्ये ढकलतो, तेथे वाऱ्याने ते थंड होते आणि पुन्हा इंजिनात परतते.

मात्र इंजिन जितके थंड तितके चांगले, हा समज चुकीचा आहे. बहुतेक इंजिने कूलंटचे तापमान ८० ते १०० अंशांच्या दरम्यान असताना उत्तम काम करतात. इंजिन थंड असताना इंधनाची नीट वाफ होत नाही. त्याचे थेंब सिलिंडरच्या भिंतीवरील ऑईल धुऊन काढतात आणि खाली ऑईलमध्ये मिसळतात. ज्वलनातून निर्माण होणारी पाण्याची वाफही थंड धातूवर साचते व ऑईलचा चिखल होऊ लागतो. थंड ऑईल घट्ट असल्याने घर्षण वाढते. म्हणजेच इंजिनाला अतिउष्णतेपासून वाचवणे जितके महत्त्वाचे, तितकेच त्याला लवकर गरम करणे आणि त्या तापमानावर टिकवून ठेवणेही महत्त्वाचे ठरते. हीच जबाबदारी थर्मोस्टॅट पार पाडतो.

मेणाची किमया

थर्मोस्टॅट ही इंजिन आणि रेडिएटर यांच्यामधील झडप होय. तिला वीज लागत नाही की चालकाचा हात. तिच्या मध्यभागी पितळेची छोटी कुपी असते आणि तीत विशिष्ट तापमानाला वितळणारे मेण भरलेले असते. उष्णता मेणात चटकन पसरावी म्हणून त्यात तांब्याची भुकटी मिसळतात. घन मेण वितळताना त्याचे आकारमान लक्षणीय वाढते. कुपी बंद असल्याने हे प्रसरण एका बारीक दांड्यावर जोर देते, स्प्रिंगच्या विरोधात झडप सरकते आणि रेडिएटरची वाट खुली होते. कूलंट निवले की मेण आकसते व स्प्रिंग झडप पुन्हा मिटवते.

झडप कोणत्या तापमानाला उघडू लागेल, हा आकडा बहुधा तिच्यावरच कोरलेला असतो. अनेक गाड्यांत तो ८२ किंवा ८८ अंश असतो. त्यापुढे साधारण १० ते १५ अंश चढेपर्यंत ती पूर्ण उघडते. तोपर्यंत कूलंट रेडिएटरकडे न जाता 'बायपास' नावाच्या आखूड मार्गाने इंजिनातच फिरत राहते. त्यामुळे सकाळी सुरू केलेली गाडी काही मिनिटांत योग्य तापमानाला पोहोचते. पुढे घाटाचा चढ, उतार, मोकळा महामार्ग, सिग्नलवरची खोळंबा अशी परिस्थिती बदलत जाते, तशी झडप कमी-अधिक उघडत राहते. काटा मधोमध स्थिर दिसतो, यामागे ही अखंड उघडझाप असते.

मोटारींच्या आरंभकाळात ही सोय सार्वत्रिक नव्हती. १९०८ ते १९२७ या काळात तयार झालेल्या फोर्डच्या 'मॉडेल टी'मध्ये बहुतांशी पंपही नव्हता. गरम पाणी वर चढते आणि थंड पाणी खाली उतरते, या नैसर्गिक अभिसरणावरच ते इंजिन थंड होई. थंड प्रदेशांत चालक रेडिएटरसमोर पुठ्ठा किंवा घोंगडी लावून इंजिन उबदार ठेवत. नंतर चटकन वाफ होणाऱ्या द्रवाने भरलेल्या धातूच्या भात्याचे थर्मोस्टॅट आले. परंतु कूलंटच्या दाबाचा त्या भात्यावर परिणाम होई. १९३०च्या दशकात सर्जियस व्हर्नेट यांनी अमेरिकेत मेणावर चालणारा थर्मोस्टॅट विकसित केला. त्याच्यावर दाबाचा फारसा परिणाम होत नसल्याने बंद व दाबयुक्त शीतकरण व्यवस्थेसाठी तो अधिक योग्य ठरला. आजच्या बहुसंख्य गाड्यांत तेच तत्त्व कायम आहे.

काढून टाकल्यास काय होते?

थर्मोस्टॅट काढल्यावर कूलंट पहिल्या क्षणापासून रेडिएटरमध्ये जाऊ लागते. शहरातील दोन-चार किलोमीटरच्या फेऱ्यांत इंजिन धड गरमच होत नाही. आधुनिक गाडीतील संगणक कूलंटचे तापमान पाहून इंधनाचे प्रमाण ठरवतो. इंजिन अजून थंड आहे असे समजून तो इंधन जास्त सोडतो. परिणामी मायलेज घटते, धुरातील प्रदूषक घटक वाढतात आणि इंजिनाची झीज होते. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या 'बीएस ६' निकषांच्या डिझेल गाड्यांत धुरातील काजळी अडवणारी गाळणी असते. तिच्यात साचलेली काजळी जाळून टाकण्यासाठीही इंजिन पुरेसे तापणे गरजेचे असते.

दुसरा धोका अधिक अनपेक्षित आहे. अनेक इंजिनांत थर्मोस्टॅटची झडप रेडिएटरची वाट उघडते, त्याच वेळी तिच्या दुसऱ्या टोकाची चकती बायपासची वाट बंद करते. थर्मोस्टॅटच नसेल तर बायपास कायम उघडा राहतो आणि गरम कूलंटचा काही भाग रेडिएटरला वळसा घालून इंजिनात परततो. एरवी हे जाणवत नाही. पण भर उन्हात, भरलेल्या गाडीने, चालू एसीसह घाट चढताना रेडिएटरची पूर्ण क्षमता लागते आणि नेमकी तेव्हाच ती मिळत नाही. गाडी थंड राहावी म्हणून केलेला उपाय अशा वेळी गाडी तापण्याचे कारण ठरू शकतो.

बिघाड कसा ओळखावा?

थर्मोस्टॅटही बिघडतो. कुपीतील मेण गळाले तर स्प्रिंगमुळे झडप बंदच राहते. कूलंटऐवजी वर्षानुवर्षे नळाचे किंवा बोअरचे जड पाणी घातल्यास क्षार व गंज साचून झडप अडकते. ती बंद अवस्थेत अडकल्यास काटा झपाट्याने चढतो. इंजिनाकडून येणारा पाइप कढत होतो आणि रेडिएटर मात्र तुलनेने थंडच राहतो. ती उघडी अडकल्यास इंजिन गरम व्हायला फार वेळ लागतो आणि मोकळ्या महामार्गावर काटा खाली घसरतो. संगणक असलेल्या गाड्यांत 'चेक इंजिन'चा दिवाही लागू शकतो.

काढलेल्या थर्मोस्टॅटची परीक्षा सोपी आहे. भांड्यातील पाण्यात तो दोऱ्याने टांगून पाणी तापवावे आणि सोबत थर्मामीटर ठेवावा. कोरलेल्या तापमानाच्या आसपास झडप उघडू लागली आणि पाणी निवल्यावर पूर्ण मिटली, तर तो चांगला आहे. नवा बसवताना मूळ तापमानाचाच घ्यावा. त्याच्या कडेला हवा निसटण्यासाठी छिद्र असल्यास ते सहसा वरच्या बाजूला ठेवतात. कूलंट भरताना अडकलेली हवाही काढून टाकावी लागते.

प्रवासात काटा चढू लागल्यास एसी बंद करून हीटर पूर्ण क्षमतेने सुरू करावा, कारण हीटरही छोट्या रेडिएटरसारखी उष्णता बाहेर टाकतो. काटा तरीही उतरला नाही, तर गाडी सुरक्षित जागी थांबवून इंजिन बंद करावे. गरम रेडिएटरचे झाकण मात्र कदापि उघडू नये. दाबाखाली १०० अंशांहून अधिक तापलेल्या पाण्याची झाकण सैल होताच वाफ होते आणि ती गंभीररीत्या भाजू शकते.

तापणाऱ्या गाडीचे खरे कारण पुष्कळदा चोंदलेला रेडिएटर, बंद पडलेला पंखा, गळका होज पाइप, झिजलेला पंप किंवा सैल झाकण हे असते. थर्मोस्टॅट काढल्याने त्यांपैकी एकही दोष दूर होत नाही. फार तर तो काही काळ झाकला जातो. नव्या थर्मोस्टॅटचा खर्च सिलिंडर हेडच्या दुरुस्तीपुढे किरकोळ असतो. त्यामुळे पुढच्या सर्व्हिसिंगच्या वेळी आपल्या गाडीत तो जागेवर आहे ना, एवढे विचारून घेणे वाहनमालकाच्या हिताचेच आहे.